सिझनमध्ये माणसं का सोडून जातात आणि मालकाची झोप का उडते

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गुहागर बाजूला काजूचं छोटं युनिट, तिसरं वर्ष, आठ बायका आणि बॉयलरवर एक मुलगा. एप्रिलमध्ये ऐन कामात दोघी जणी न सांगता यायच्या बंद झाल्या, बाकीच्या तू आत आलास की गप्प होतात, तुझी स्वतःची झोप पहाटे तीनला मोडते, ३४व्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली, आणि आता विचारतोयस की योगा शिकवणारी कोणी बोलवू का, सगळ्यांना गणपतीपुळ्याला पिकनिकला नेऊ का, की माझा स्वभावच धंद्याचा नाहीये. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते, चालवून घे. माझं युनिट वेंगुर्ल्याजवळ, २३ वर्षं झाली, आत्ता अकरा जणी आहेत, आणि तू लिहिलंयस त्यातलं बीपी सोडून बाकी सगळं माझ्याकडे होऊन गेलंय.

पिकनिकला ने, लोकांना आवडतं. पण त्याने हे सुटणार नाही, कारण सोमवारी परत तेच टेबल आणि तोच तू.

माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांत एक काकी होत्या, कटिंगला हात असा की बघत राहावं, अख्खा गर बाहेर. त्या एका मार्चमध्ये यायच्या बंद झाल्या. मला वाटलं पलीकडच्या गावातल्या युनिटवाल्याने किलोमागे रुपया जास्त दिला असणार, आठ दिवस मनात त्याला शिव्या घातल्या, मग शेवटी त्यांच्या घरी गेले. त्या भात निवडत बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलेनात, मग म्हणाल्या, "वयनीनू, काम काय जड नाय हा ओ. तुमच्या गाडयेचो आवाज इलो काय पोटात गोळो येता."

मी तेव्हा रागावलेच. म्हटलं मी कधी हात उचलला नाही, पगार थकवला नाही, दिवाळीला साडी देते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, मलापण येतो गोळा. त्यानंतर दोन-तीन दिवस मी नुसती बघत बसले की मी आत गेल्यावर काय होतं, आणि लक्षात आलं की त्यांना आज मी कुठल्या मूडमध्ये येणार, वजनात काय काढणार, उद्या सुट्टी मिळणार की नाही यातलं काहीच आधी माहीत नसतं, आणि त्यातलं काही त्यांच्या हातातपण नसतं. पावसाळ्यात होडी घेऊन जावं आणि हवामानाचा अंदाजच सांगू नये तसं.

पुढे एका ट्रेनिंगमध्ये कळलं की ह्यावर १९७९ मध्येच रॉबर्ट कारासेक नावाच्या माणसाने मांडून ठेवलंय. कामाचा बोजा एकीकडे आणि त्या कामावर माणसाचा स्वतःचा किती ताबा आहे ते दुसरीकडे, बोजा जास्त आणि ताबा कमी ही जोडी सगळ्यात वाईट. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट आणि त्यांच्या टीमने वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात हृदयविकार मोठ्या साहेबांपेक्षा खालच्या हुद्द्यावरच्यांना जास्त निघाला, आणि त्याचं एक मोठं कारण हेच, की कामात आपलं काही चालत नाही. आपल्याकडे समजूत उलटी, टेन्शन काय ते मालकाला, कामगार बाईला काय, ती घरी जाऊन झोपते. झोपत नसते रे.

आता तुझ्याच युनिटमध्ये बघ. कटिंगचे पैसे तू किलोवर देत असशील आणि तुकडा जास्त निघाला की कापत असशील. मीपण कापायचे. अख्ख्या डब्ल्यू-३२० ला (अख्ख्या गराची एक ग्रेड) भाव वेगळा, पाकळीला वेगळा, तुकड्याला त्याच्या बराच खाली, त्यामुळे तुकड्याचा डबा भरलेला दिसला की मालकाच्या पोटात कळ येतेच. पण तुकडा होतो कशाने? हात चुकला तर होतोच, पण बी वाफेवर कमी-जास्त झाली तरी होतो, आणि वाफवल्यावर नीट थंड न होऊ देता घाईने टेबलावर टाकली, टरफल कडक व्हायच्या आधी, तरी होतो. म्हणजे चूक बॉयलरवरची, किंवा खरं सांगायचं तर ऑर्डर घाईची घेतली म्हणून माझी, आणि पैसे कापले टेबलावरच्या बाईचे. तिने काय करायचं? तिला दिसतंय की बी कच्ची आहे, बोलायची सोय नाही, आणि संध्याकाळी पाचला काट्यासमोर सगळ्यांच्या देखत मी म्हणणार, काय ओ, आज लक्ष कुठे होतं.

मी काय केलं सांगते. भिंतीवर एक काळा फळा लावला, साधा, शाळेतला असतो तसा. बॉयलरच्या प्रत्येक घाण्याला नंबर, वाफ किती वेळ दिली, किती वाजता काढली, सगळं खडूने. नियम असा की एकाच टेबलाला तुकडा जास्त आला तर त्या बाईशी बोलायचं, आणि तेपण एकटीशी. सगळ्याच टेबलांना आला तर तो घाणाच चुकलाय, त्या दिवशी कोणाचा पैसा कापायचा नाही. आणि तिसरं, सकाळी पहिली मूठभर बी कापून कोणीही म्हणू शकतं की ही बी आत्ता नको, दुपारी घेऊया. पहिल्या महिन्यात कोणी म्हटलंच नाही, त्यांचा विश्वास कुठे होता. मग एकीने घाबरत घाबरत म्हटलं, मी घाणा थांबवला, तिथून सुरू झालं. तुकडा कमी झाला हा फायदा वरून मिळाला, तो मी धरलापण नव्हता.

वजनाचा काटा तर आधी फिरव. म्हणजे आकडा तिला दिसेल असा ठेव. माझ्याकडे आकडा फक्त मला दिसायचा, सात-आठ वर्षं, आणि मला त्यात कधी काही चुकीचं वाटलं नाही. आता विचार केला की लाज वाटते.

योगाचं म्हणशील तर, योगा चांगलाच आहे, पण आधी संडासाची कडी बघ बसते का. मी मस्करी करत नाहीये. आमच्याकडे संडास होता पण कडी लागायची नाही आणि पाणी विहिरीवरून न्यायला लागायचं, त्यामुळे बायका सकाळी आठ ते दुपारी एक पाणीच प्यायच्या नाहीत, एप्रिलच्या उकाड्यात, पत्र्याखाली, शेजारी बॉयलर. डोकं दुखणार, चिडचिड होणार, लघवीला जळजळ होणार, आणि आपण म्हणणार हल्ली ह्यांचं कामात लक्ष नाही. कडीला किती पैसे लागले ते सांगत नाही, लाजेने मरशील. तसंच हाताचं. टरफलातलं तेल चामडी सोलून काढतं हे तुला माहीतच आहे. ग्लोव्हज दिले तर स्पीड कमी होतो म्हणून बायका काढून ठेवतात, कारण पैसे किलोवर आहेत. मग मी आधी आठवडाभर ग्लोव्हज घालून रोज मागच्या महिन्याच्या सरासरीचे पैसे फिक्स दिले, सवय होईपर्यंत, आणि खोबरेल तेलाचा डबा टेबलावर कायम. जिच्या बोटांची सालं निघालीयेत तिला आनंदी राहा म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही.

आता सुट्ट्या. तू लिहिलंयस की "ऐन वेळेला दांड्या मारतात". अरे, कोकणात ऐन वेळ कधी नसते? शिमग्याला पालखी घरी येते, त्या दिवशी बाई घरीच असणार. जुलैत लावणी, तिचं स्वतःचं दोन गुंठे का असेना, लावणार. गणपतीला मुंबईकर घरी येतात, दहा-बारा माणसांचं रांधायचं असतं. मग म्हाळ, मग गावच्या जत्रा. हे सगळं दरवर्षी येतं, तारखा कालनिर्णयमध्ये छापलेल्या असतात, आणि तरी आपण दरवर्षी दचकतो, मला वाटतं ह्यासारखा विनोद नाही. मी दिवाळीनंतर एक दिवस सगळ्यांना चहाला बसवते आणि पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर प्रत्येकीकडून तिच्या न चुकणाऱ्या सुट्ट्या मार्क करून घेते. दोघींच्या एकाच वाडीतल्या पालख्या आल्या तर त्या आपापसात ठरवतात, मी मध्ये पडत नाही. लावणीचे आठ-दहा दिवस युनिट अर्ध्यावरच चालतं, तेवढी ऑर्डरच घेत नाही. पूर्वी त्या दिवसांत मी ओरडून ओरडून घसा बसवायचे आणि काम व्हायचं तेवढंच.

उचल हा दुसरा विषय, ह्यावर कोणी बोलत नाही. जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांना, गणपतीच्या आधी, कोणी आजारी पडलं तर, बाई उचल मागणार. ती मागायला येते तेव्हा तिला किती जड जातं बघ, चार वेळा दारापर्यंत येऊन परत जाते, दिवसभर तेच डोक्यात. आणि आपल्याला नेमकं आपण बँकेच्या फोनवर असताना विचारते, मग आपण खेकसतो. मी महिन्याची १० आणि २५ तारीख ठरवून टाकली, त्या दिवशी मागायचं, किती मिळेल त्याचा नियम सगळ्यांना सारखा, किती हप्त्यात कापणार ते तिच्याच वहीत लिहून द्यायचं. दवाखाना असेल तर तारीख नाही, कधीही. ह्या एका गोष्टीने माझं अर्धं डोकं रिकामं झालं, खोटं नाही सांगत.

आता तुझं स्वतःचं. पहाटे तीनचं.

काजूवाल्याची झोप उडते ती बहुतेक वेळा मार्च ते मे. वर्षभराची बी तीन महिन्यांत रोखीने घ्यायची, चार किलो बीतून जेमतेम किलोभर गर निघणार, बँकेची सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) टोकाला टेकलेली, बाहेरची आफ्रिकन बी आली की भाव हलतो, आणि खरा खप दिवाळीला. म्हणजे पैसा एप्रिलमध्ये गोदामात जाऊन बसतो तो सहा-सात महिने बाहेर येत नाही आणि व्याज चालू. ह्यात न घाबरणारा माणूस मला भेटायचाय. ह्याला स्वभाव म्हणू नकोस, धंद्याची रचनाच तशी आहे.

पण डोक्यात फिरत राहणं कमी करता येतं. ब्लूमा झायगार्निक म्हणून एक बाई होत्या, त्यांनी १९२७ मध्ये दाखवलं की पुरं झालेल्या कामापेक्षा अर्धवट सोडलेलं काम माणसाला जास्त आठवत राहतं. तीन वाजता जे फिरतं ते हेच असतं, कोणाला फोन करायचा राहिला, कुठला चेक कधी जाणार. मी एक दोनशे पानी वही केलीय, तिच्यात पुढचे तेरा आठवडे, एका पानावर एक आठवडा. डावीकडे येणारे पैसे, उजवीकडे जाणारे, आणि खाली त्या आठवड्यात करायचा एकच फोन. रविवारी संध्याकाळी अर्धा तास. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सहाव्या आठवड्यात मोठा खड्डा दिसला आणि रडूच आलं, पण खड्डा सहा आठवडे आधी दिसला म्हणून बँकेत जाऊन बोलता आलं. नाहीतर पाचव्या आठवड्याच्या शनिवारी कळलं असतं आणि सोमवारी सगळं टेबलावरच्या बायकांवर निघालं असतं.

उधारी. उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी नसेल तर आजच कर, ऑनलाइन आहे, फुकट आहे, कोणाला हजार-दोन हजार देऊ नकोस. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे की माल घेतल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेपण दर महिन्याला चक्रवाढ. बिलावर हे एका ओळीत छापून घे. कायद्याने लगेच पैसे येतात असं मात्र समजू नकोस. पुण्याच्या एका मिठाईवाल्याने माझे पाच महिने थकवले, मी कायद्याचा दाखला देऊन पत्र पाठवलं, त्याने अर्धे लगेच दिले, बाकीचे तीन हप्त्यांत, आणि पुढच्या दिवाळीला ऑर्डर दिली नाही. गेला. सुरुवातीला वाईट वाटलं, पण त्याच्या फोनची वाट बघण्यात मी जे वर्ष घालवलं त्याची किंमत कुठल्या वहीत लिहिलेली नव्हती.

घरचा एक मुद्दा तू लिहिलेला नाहीस पण मी विचारते, तुझ्याकडे दुसरा मालक कोण आहे? कोकणात असतोच. बाबा ओट्यावर बसून वेगळं सांगतात, किंवा डोंबिवलीचा मोठा भाऊ व्हिडिओ कॉलवर सांगतो की पॅकिंग आधी घ्या. आमच्याकडे सासरे होते, देवमाणूस, पण मी कटिंगला बसवलेल्या बाईला ते साल काढायला पाठवायचे, मग मी ओरडायचे, आणि ती बिचारी दोघांच्या मध्ये. शेवटी त्यांना बी खरेदी पूर्ण दिली, त्यात मी बोलायचं नाही, आणि आत टेबलांवर त्यांनी बोलायचं नाही. त्यांनाही बरं वाटलं, बी पारखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

ओरडण्याबद्दल. तू ओरडतोस हे तू लिहिलं नाहीस, पण "मी आत आलो की गप्प होतात" ह्यातच ते आलं. एक करून बघ, बँकेतून, व्यापाऱ्याच्या फोनवरून किंवा घरच्या भांडणातून थेट आत जायचं नाही. मी गडग्याजवळ आंब्याखाली दहा मिनिटं उभी राहते, काही करत नाही, कधी कधी नुसते मुंगळे बघते. बायकांना आता माहीत झालंय, वयनी आंब्याखाली आसा, जरा थांबा. आणि तोंडातून गेलंच तर माफी त्याच लोकांसमोर मागायची ज्यांच्यासमोर ओरडलास, मागून एकटीला गाठून नाही. माझ्याच्याने हे अजूनही दर वेळी होत नाही.

रात्री दहानंतर ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकत असशील तर बंद कर, सकाळी सांग.

हे सगळं मला पटलं ते तौक्ते वादळाच्या वेळी. मे २०२१, अर्ध्या शेडचे पत्रे उडाले, आठवडाभर वीज नव्हती, कोरोना चालूच होता, गोदामातली बी भिजू नये म्हणून डोक्यावरून पोती वाहिली सगळ्यांनी. २३ वर्षांतलं सगळ्यात कष्टाचं काम ते. आणि त्या आठवड्यात एकीनेही दांडी मारली नाही, कोणी कोणावर चिडलं नाही. मी नंतर खूप विचार केला की असं कसं. तर त्या दिवसांत मी रोज सकाळी पोत्यावर बसून सगळं सांगत होते, एवढी बी भिजलीय, एवढे पैसे हातात आहेत, मजुरी रोजच्या रोज मिळेल, वाळवण कुठे घालायचं ते तुम्ही ठरवा. दुसरा इलाजच नव्हता म्हणून सांगत होते. आता इलाज असतानाही सांगते, रोज सकाळी पाच मिनिटं, चहा होईपर्यंत.

तुझ्या तब्येतीचं मात्र ह्यात घालू नकोस. बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, छातीत दुखलं तर अॅसिडिटी म्हणून सोडा पिऊन बसायचं नाही, आणि संध्याकाळी "झोप लागावी म्हणून" दोन पेग चालू झाले असतील तर तेपण डॉक्टरांना सांगायचं, दारूने डोळा लागतो आणि तीनलाच उघडतो. झोप नाही, कशात मन लागत नाही, जेवण जात नाही असं सलग दोन आठवडे असेल तर तो आता धंद्याचा प्रश्न राहिलेला नाही. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असले विचार आले तर त्याच दिवशी फोन कर आणि घरात एका माणसाला सांग. आपल्याकडे रत्नागिरीला मोठं मनोरुग्णालय आहे म्हणून "ह्याला रत्नागिरीक धाडा" ही चेष्टा झालीय, त्या चेष्टेपायी किती माणसं दुखणं अंगावर काढतात हे मी जवळून बघितलंय. बायकांपैकी कोणाचं असं वाटलं तर तू समुपदेशक होऊ नकोस, नंबर दे, त्या दिवसाची मजुरी दे आणि घरी सोडायला कोणाला तरी पाठव.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस, त्याचंच टेन्शन येईल. ह्या आठवड्यात कडी, काटा आणि फळा. वही रविवारी.

आणि त्या दोघींच्या घरी जा. परत या असं पहिल्या दिवशी म्हणायचं नाही, त्यांचे कापलेले पैसे असतील तर ते पाकिटात घालून ने आणि का सोडलंत ते विचार. त्या आधी बोलणार नाहीत, तू बसून राहा. मध्ये मध्ये तुझी बाजू सांगू नकोस, मी सांगितली होती आणि काकी परत यायला त्यामुळे आणखी एक सिझन गेला. जाताना काजू नेऊ नकोस, त्यांनी ते आयुष्यभर पुरतील इतके बघितलेत. बिस्किटचा पुडा ने.